सामाजिक बहिष्कार : कायद्यातली व्याख्या आणि गावातली रीत

बारामती-इंदापूर भागात 'बहिष्कार' हा शब्द गावात कुणी तोंडाने उच्चारत नाही. 'त्यांच्याशी आपलं बोलणं बंद आहे', 'त्यांना मजुरीला सांगायचं नाही', 'गावाचं ठरलंय' अशी भाषा असते. वस्तीतली माणसे तक्रार द्यायला जातात तेव्हा त्यांच्याही तोंडी हीच वाक्ये असतात. ठाण्यातला प्रश्न मग ठरलेला : कुणी ठरवलं? कुठे ठरवलं? ठराव दाखवा. ठराव नसतो, तक्रार 'अदखलपात्र' म्हणून नोंदवली जाते किंवा नोंदवलीच जात नाही, आणि माणूस घरी परततो. प्रत्यक्षात आज लागू असलेल्या कायद्यात ठरावाची, सभेची किंवा जाहीर घोषणेची अट कुठेही नाही. कायदा काय म्हणतो आणि गावात काय घडते, यातले अंतर कार्यकर्त्याला नेमके माहीत असेल तर तक्रारीचा पहिला कागदच वेगळा लिहिला जातो. त्यासाठी ही नोंद.

दोन शब्द, दोन गोष्टी

मराठीत 'वाळीत टाकणे' आणि 'बहिष्कार टाकणे' हे शब्द आपण अदलाबदलीने वापरतो. जुन्या वापरात त्यांत फरक होता. वाळीत टाकते ती आपली जात, आपली भावकी. लग्नात न बोलावणे, पंक्तीला न घेणे, मयताला न येणे, दंड भरून 'जातीत घेणे' हा सारा वाळीतीचा कारभार. बहिष्कार हा गावाचा वस्तीवर असतो. त्यात पंक्तीचा प्रश्नच नसतो, कारण त्या पंक्तीत आपण कधी नव्हतोच. त्यात प्रश्न असतो मजुरीचा, पाण्याचा, वाटेचा, दुकानाचा. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे दोन वेगळे कायदे याच फटीवर उभे आहेत.

बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. तिथे 'बहिष्कृत' म्हणजे कुणीतरी एका दिवशी ठरवून बाहेर टाकलेला माणूस नव्हे. जन्मापासून बाहेर असलेला समाज, असा तो अर्थ आहे. कायद्यातला बहिष्कार मात्र एका तारखेला घडणारी कृती आहे : काल संबंध होते, आज तोडले. समाजशास्त्र शिकताना हा फरक मला फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता. तालुक्यात काम करू लागल्यावर कळले की अर्धी प्रकरणे इथेच अडकतात.

व्याख्या आली कुठून

भारतीय कायद्यातल्या बहिष्काराच्या व्याख्येचे मूळ ब्रह्मदेशात आहे. तिथे ब्रिटिशांनी १९२२ मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला होता. पहिल्या गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३० साली, बाबासाहेबांनी दलितवर्गाच्या संरक्षणाची जी योजना मांडली तिच्यात या कायद्यातली कलमे थोडा बदल करून घेतली. बहिष्कार म्हणजे काय, तो टाकणे, त्यासाठी चिथावणे आणि त्याची धमकी देणे, असे चार भाग त्यात वेगळे केलेले होते. आधार म्हणून त्यांनी मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीच्या अहवालाकडे बोट दाखवले. १९२८ साली नेमलेल्या या समितीत ते स्वतः सदस्य होते. अस्पृश्याने सार्वजनिक वाटेने जाणे किंवा विहिरीवर पाणी भरणे एवढे कारणही गावाला बहिष्कारासाठी पुरते, आणि ज्याची उपजीविका गावावर अवलंबून आहे त्याला मारहाणीपेक्षा हे हत्यार जड जाते, असे त्या समितीचे निरीक्षण होते. पुढे १९४७ मध्ये संविधान सभेपुढे ठेवलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनातही सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा ही मागणी आली.

संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, पण अस्पृश्यता म्हणजे काय हे सांगितले नाही. २९ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत नझिरुद्दीन अहमद आणि के. टी. शाह यांनी व्याख्येचा मुद्दा काढला होता. तो मान्य झाला नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यातही शब्द अव्याख्यातच राहिला. बहिष्काराची व्याख्या मात्र त्या कायद्याच्या कलम ७ च्या स्पष्टीकरणात आली, आणि ती बरीच ऐसपैस होती : घर किंवा जमीन भाड्याने न देणे, व्यवहार न करणे, कामावर न घेणे किंवा कामाला न जाणे, रूढ सेवा न देणे वा न घेणे, नेहमीच्या अटींवर व्यवहार करायला नकार देणे, आणि एरवी ठेवले असते असे सामाजिक, व्यावसायिक संबंध न ठेवणे.

गोम व्याख्येत नव्हती, तिच्या आधीच्या ओळीत होती. अस्पृश्यता नष्ट झाल्यामुळे मिळालेला हक्क एखाद्याने बजावला आणि त्या कारणाने त्याच्यावर बहिष्कार टाकला, तरच तो गुन्हा. म्हणजे विहिरीवर गेला म्हणून बहिष्कार टाकला तर कायदा लागू. मजुरी वाढवून मागितली म्हणून, निवडणुकीत दुसरीकडे मत दिले म्हणून, जमिनीचा दावा लावला म्हणून टाकला तर आधी कारण सिद्ध करा. गावात कारण एक कधीच नसते, आणि गाव ते लिहून तर देतच नाही.

बावडा, १९७२

इंदापूर तालुक्यातले बावडा हे गाव दलित चळवळीच्या इतिहासात या एका गोष्टीसाठी नोंदले गेले आहे. १९७२ साली तिथल्या दलित वस्तीवर गावाने बहिष्कार टाकला. त्याच सुमारास परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली. या दोन घटनांनी मुंबईतले तरुण लेखक-कार्यकर्ते अस्वस्थ झाले आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली. पँथरचा इतिहास सांगताना आपण वरळी, काळा स्वातंत्र्यदिन, सिद्धार्थ वसतिगृह सांगतो. सुरुवातीच्या ठिणग्यांपैकी एक नीरा-भीमेच्या काठावरच्या आपल्याच तालुक्यातली होती, हे इथल्या कितीतरी मुलांना माहीत नसते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने बावडा आणखी एका कारणासाठी पाहण्यासारखे आहे. तेव्हा बहिष्काराविरुद्ध हाताशी कायदा होता तो १९५५ चाच. त्याच्या कलम १२ नुसार, कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नाही हे आरोपीने दाखवायचे. पण 'अनुसूचित जाती'ची व्याख्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने केलेली, आणि त्या आदेशात बौद्ध १९९० पर्यंत नव्हते. महाराष्ट्रात नवबौद्धांना राज्याच्या सवलती होत्या, त्या वेगळ्या. केंद्रीय कायद्याच्या अक्षरानुसार मात्र १९५६ ला धम्मदीक्षा घेतलेला माणूस कलम १२ च्या गृहीतकाबाहेर जात होता. गावाच्या लेखी तो तोच होता जो १९५५ ला होता. बहिष्कार टाकताना गावाने कुणाचा धर्म विचारला नाही. दिल्लीच्या कागदावर तो दुसरा कुणी झाला होता. व्याख्या आणि व्यवहार यातले इतके क्रूर अंतर दुसरीकडे क्वचित सापडेल.

पुढे इलायापेरुमल समितीच्या अहवालानंतर १९५५ च्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १९ नोव्हेंबर १९७६ पासून तो 'नागरी हक्क संरक्षण कायदा' झाला. या कायद्याचे नाव नागरी हक्कांवरून असावे असे बाबासाहेबांनी १९५४ मध्येच राज्यसभेत सुचवले होते. नाव बदलायला बावीस वर्षे लागली. कलम ७ ची शिक्षा किमान एक महिना, कमाल सहा महिने आणि दंड शंभर ते पाचशे रुपये अशी झाली. दंडाचा हा आकडा आजही तेवढाच आहे.

१९८९ मध्ये राहून गेलेली गोष्ट

अनेक कार्यकर्ते समजतात की अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बहिष्कार पहिल्यापासून आहे. तसे नाही. १९८९ च्या मूळ कायद्यात जमीन बळकावणे, वेठबिगार, मतदानावर दबाव, पाणी दूषित करणे, वाट अडवणे, घर सोडायला लावणे हे सारे होते. बहिष्काराचे स्वतंत्र कलम नव्हते. ते आले २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. म्हणजे बावड्यानंतर जवळपास चव्वेचाळीस वर्षे बहिष्कारासाठी मुख्य आधार होता तो कलम ७ चाच.

२०१५ च्या दुरुस्तीने दोन व्याख्या दिल्या. 'आर्थिक बहिष्कार' म्हणजे व्यवहार करायला, कामावर घ्यायला नकार देणे. सेवा किंवा कंत्राटाची संधी नाकारणे. सर्वसाधारण अटींवर व्यवहार न करणे. एरवी ठेवले असते असे व्यावसायिक संबंध तोडणे. 'सामाजिक बहिष्कार' म्हणजे रूढ सेवा देऊ वा घेऊ न देणे, एरवी ठेवले असते असे सामाजिक संबंध न ठेवणे किंवा इतरांपासून एकटे पाडणे. आणि कलम ३(१)(झेडसी) नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर, कुटुंबावर वा गटावर असा बहिष्कार टाकणे किंवा टाकण्याची धमकी देणे हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आणि दंड.

इथे दोन गोष्टी नीट वाचाव्यात. 'कुटुंब' हा शब्द आहे, त्यामुळे सगळ्या वस्तीवर बहिष्कार असण्याची गरज नाही. आणि 'हक्क बजावला म्हणून' ही जुनी अट या कलमात नाही. धमकीही पुरते. शिवाय आरोपी पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असे कलम ८ नुसार न्यायालय गृहीत धरते. एका गावात राहणाऱ्या माणसाला 'मला जात माहीत नव्हती' म्हणायची सोय उरलेली नाही.

एकच नाव, वेगळा कायदा

गोंधळ वाढला तो महाराष्ट्राच्या कायद्याने. महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६ हा विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायतींविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालवलेली मोहीम आणि कोकणातली गावकीची प्रकरणे त्यामागे होती. कायदा चांगला आहे. पण तो 'आपल्या समुदायाच्या सदस्यावर' टाकलेल्या बहिष्काराबद्दल बोलतो. म्हणजे जुन्या भाषेतली वाळीत. (याआधीचा, जातीबाहेर टाकण्यास मनाई करणारा मुंबई प्रांताचा १९४९ चा कायदा दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला होता.)

गावातल्या सवर्णांनी बौद्ध कुटुंबाचा व्यवहार बंद केला तर हा कायदा नेमका बसत नाही; तिथे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम लागते. तरी अर्जावर 'सामाजिक बहिष्कार कायद्याखाली कारवाई करावी' असे लिहिले जाते, आणि ठाणे अंमलदाराला तो अर्ज बाजूला ठेवायला सोपे जाते. फरक शिक्षेपुरताही नाही. राज्याच्या कायद्यात पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोड होऊ शकते. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा तंटामुक्ती समितीसमोर बसून मिटवता येत नाही, कुणी कितीही चहा पाजला तरी. उलट, आंतरजातीय विवाह केला म्हणून आपल्याच लोकांनी कुणाला समाजाच्या कार्यक्रमातून बाहेर ठेवले, तर राज्याचा कायदा लागतो, आणि तो आपल्यालाही लागतो. हे बोलायला आपल्या सभांमध्ये जड जाते, पण अशी घरे आपल्याकडे आहेत.

व्याख्येतले शब्द आणि ऊसपट्टा

आता व्यवहार. बारामती आणि इंदापूर हा नीरा डाव्या कालव्याचा आणि साखर कारखान्यांचा भाग. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, नीरा-भीमा. इथल्या बहिष्काराचे रूप इथल्या शेतीसारखेच आहे. ऊस तोडायला टोळी बाहेरून येते, त्यामुळे वस्तीवर रोष असला तरी गावाचा ऊस अडत नाही. तरुण मुले दुचाकीवरून एमआयडीसीत जातात, त्यांच्यावरही गावाचा हात चालत नाही. अडते ते खुरपणीला, बांधणीला जाणाऱ्या बायांचे. मी पाहिलेल्या प्रकरणांत पहिला फटका प्रत्येक वेळी त्यांना बसला, आणि तक्रारीत त्यांचे नाव बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी आले किंवा आलेच नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका गावातले प्रकरण सांगतो. नाव मुद्दाम देत नाही. विहारासमोरच्या रस्त्यावरून वाद झाला आणि एका कुटुंबाचे व्यवहार थांबले. पण थांबले कसे? दूध संकलन केंद्रावर कुणी 'तुमचं दूध घेणार नाही' म्हणाले नाही. 'फॅट लागत नाही' म्हणून कॅन परत केला. ट्रॅक्टरवाला 'पुढच्या आठवड्यात' म्हणत राहिला. किराणा मिळत होता, उधारी बंद झाली. पाऊण एकर उसाला तोड आली नाही, कारण ज्या बांधावरून गाडी जायची त्या शेतकऱ्याने 'माझं रान ओलं आहे' असे सांगितले. प्रत्येक नकाराला कारण होते आणि प्रत्येक कारण एकटे घेतले तर खरे वाटण्यासारखे होते. अधिकारी तेच म्हणाले : यात जातीचं काय आहे?

उत्तर व्याख्येतच आहे. 'सर्वसाधारण अटींवर' आणि 'एरवी ठेवले असते असे' हे शब्द तुलना मागतात. त्या आठवड्यात त्या केंद्रावर बाकी कुणाचे दूध परत गेले? गेल्या दोन वर्षांत याच कुटुंबाचे किती वेळा गेले? ओल्या रानातून दुसऱ्याच्या उसाची गाडी गेली का? त्या कुटुंबाकडे दुधाच्या पावत्या होत्या, दुकानाची उधारीची वही होती, कारखान्याकडची ऊस नोंदीची स्लिप होती. तारखा एका कागदावर मांडल्या तेव्हा वादाच्या आधी आणि नंतर असे दोन भाग सरळ दिसू लागले. तक्रार नव्याने लिहिली गेली. त्यात 'बहिष्कार टाकला' एवढेच मोघम वाक्य नव्हते. काय बंद झाले, कधीपासून, त्याआधी काय चालू होते, हे होते. गुन्हा दाखल झाला. प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे पुढचे इथे लिहीत नाही.

'एरवी' या शब्दाची दुसरी बाजूही आहे. ज्या वस्तीला सलूनमध्ये कधीच घेतले नाही, जिच्या घरचा चहा गावाने कधी घेतला नाही, तिथे 'एरवीचे संबंध' कोणते? कायदा मोडलेला संबंध पाहतो. मुळात न जोडलेला संबंध त्याला दिसत नाही. अशा जागी बहिष्काराचे कलम धरू नये. सार्वजनिक सेवेला किंवा जागेला नकार असेल तर नागरी हक्क संरक्षण कायद्याची कलमे आणि अ‍ॅट्रॉसिटीचे कलम ३(१)(झेडए) जास्त नेमकी पडतात. त्यात विहीर, रस्ता, स्मशानभूमी, मिरवणूक, पूजास्थान हे सारे येते. कालव्याच्या पाण्याची पाळी मोडली, पाइप तोडला, तर ३(१)(जी) पाहावे. जमिनीबरोबर पाणी आणि सिंचनाच्या सोयी त्यात स्पष्ट लिहिलेल्या आहेत.

'रूढ सेवा' हा तर आपल्यासाठी चमत्कारिक शब्द. मेलेले ढोर ओढणे, सांगावा नेणे, वेसकरकी या आपल्या बापजाद्यांच्या रूढ सेवा होत्या, आणि त्या सोडल्या म्हणूनच कितीतरी गावांनी बहिष्कार टाकले. आता कायदा म्हणतो, रूढ सेवा देऊ न देणे म्हणजे बहिष्कार. हलगी वाजवणारा किंवा चपला शिवणारा कारागीर याच्या बाबतीत त्याचा उपयोग होतो. आपण मात्र तक्रारीत हा शब्द जपून वापरावा. 'आम्हाला यात्रेत मानाचं काम दिलं नाही' अशी तक्रार बौद्ध कार्यकर्ता लिहू लागला तर तो कशाची मागणी करतो आहे, हे त्याने आधी स्वतःला विचारावे.

जातीचा रकाना

अलीकडे बरीच तरुण मंडळी सगळीकडे फक्त 'बौद्ध' लिहितात. भावना समजते, मीही तसेच लिहीत आलो आहे. पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातली 'अनुसूचित जाती' म्हणजे अनुच्छेद ३४१ खालच्या यादीतली जात, आणि १९९० च्या दुरुस्तीनुसार ती व्यक्ती हिंदू, शीख किंवा बौद्ध धर्माची असावी. 'बौद्ध' हा त्या यादीतला धर्माचा रकाना आहे, जातीचा नव्हे. फिर्यादीत 'आम्ही बौद्ध आहोत' एवढेच असेल तर बचाव पक्ष पहिला मुद्दा तोच काढतो. फिर्यादीत मूळ जात आणि धर्म दोन्ही लिहावेत, जातीचा दाखला नसेल तर निदान वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत जोडावी. धम्म स्वीकारलेल्या माणसाला न्याय मागताना जात सांगावी लागते, ही या व्याख्येची किंमत आहे, आणि ती तक्रार देणाऱ्याकडूनच वसूल होते.

तक्रार दिल्यानंतर

२०१८ मध्ये आलेल्या कलम १८अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. नियम ७ नुसार तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो आणि ६० दिवसांत पूर्ण व्हावा लागतो. कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहे. बहिष्काराच्या प्रकरणात शासकीय मदत म्हणजे रोख रक्कम एवढेच नव्हे. बंद पाडलेल्या सेवा शासनाने स्वखर्चाने पूर्ववत करून द्यायच्या असतात. ही तरतूद फारसे कुणी मागतच नाही. दूध, किराणा, ट्रॅक्टर, ऊसतोड असे एकेक नाव घेऊन हा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करता येतो, कारण उपविभागीय दक्षता समितीचे अध्यक्ष तेच असतात. समितीची बैठक कधी झाली आणि तिच्यापुढे आपले प्रकरण आले का, हे माहिती अधिकारात विचारता येते. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही लिहिले गेले असेल तर स्क्रीनशॉट काढावाच, पण ज्या फोनवर तो मेसेज आला तो फोन विकू नये, रीसेटही करू नये. आणि खुरपणीला जाणाऱ्या बायांचे जबाब पहिल्या आठवड्यातच घ्यायला लावावेत. कुणाच्या रानात, किती दिवस, किती रोजाने काम चालू होते, हे त्यांना तोंडपाठ असते.